फळीवरचा जोडीदार

कात्रजच्या जुन्या नाक्यापाशी, पुलाच्या सावलीत एक चहाची टपरी आहे. तिथे रोज सकाळी तीन-चार म्हातारे ट्रक ड्रायव्हर जमतात आणि केव्हाच भंगारात गेलेल्या गाड्या पुन्हा रस्त्यावर काढतात. लांब नाकाची गाडी, लाकडी केबिन, इंजिनच्या धगीने भाजून निघणारी पोटरी, आणि स्टिअरिंग इतकं जड की खंबाटकी घाटाच्या वळणावर दंड भरून यायचे. कोणी साखर कारखान्याचे रूळ नेलेले, कोणी छापखान्याची यंत्रं, एकाने तर म्हणे देवळाची अख्खी घंटा. एकमेकांच्या थापा एकमेकांना पाठ आहेत, तरी कोणी कोणाला टोकत नाही. म्हातारपणाने त्यांना एवढं शहाणपण दिलं आहे, आणि ते पुरेसं आहे.

महिपती त्यांच्यातला सगळ्यात अबोल. तो तोंड उघडायचा तो मच्छिंद्रबद्दल सांगायलाच. दोघे एकाच गाडीवर जोडीदार होते, पुणे ते बंगळूर, उमेदीची सगळी वर्षं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने सीटच्या मागच्या आडव्या फळीवर झोपायचं. बायकापोरांच्या सोबत गेल्या नसतील इतक्या रात्री त्यांनी एकमेकांच्या भरवशावर काढल्या होत्या. आता मच्छिंद्र कर्वेनगरात मुलाच्या फ्लॅटमध्ये असायचा आणि गेल्या दिवाळीपासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं.

महिपती टपरीवर असतानाच शैलाचा फोन आला. शैला म्हणजे मच्छिंद्रची सून. सासऱ्याचं सगळं तीच बघायची, कुरकुर न करता. आज मात्र तिचा आवाज रडवेला होता. बाबा कित्येक दिवस झोपलेले नाहीत, ती सांगत होती. ना दिवसा, ना रात्री. कॉटच्या कडेला ताठ बसतात, पुढ्यातल्या वॉकरची दांडी दोन्ही हातांनी आवळतात आणि पायांनी फरशी दाबत राहतात. आडवं करायला गेलं की ढकलून देतात. हृदय अशक्त, त्यामुळे डॉक्टर जास्त कडक गोळी द्यायला तयार नाहीत. असं जागरण आणखी थोडं चाललं तर ते टिकायचे नाहीत, असंही डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. शेवटी समाधानने, तिच्या नवऱ्याने, उद्या सकाळी त्यांना एका केंद्रात ठेवायचं ठरवलं होतं. तिथे अशा पेशंटचे हात पलंगाला बांधतात.

"हात बांधतात, काका," ती पुन्हा म्हणाली.

महिपतीने अर्धा चहा तसाच ठेवला. स्वारगेटला बस बदलून तो कर्वेनगरात पोचला, जिने चढला आणि धाप लागलेली असतानाच मच्छिंद्रच्या समोर जाऊन उभा राहिला. मच्छिंद्रचे डोळे लाल झाले होते, गालफडं बसली होती. नजर महिपतीच्या आरपार, भिंतीवर. डावा पाय मधूनच दोनदा दाबला जायचा. जुन्या गाडीला तसंच लागायचं, दोनदा क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नसे.

"मच्छिंद्र, अरे झोप जरा," महिपती म्हणाला.

"हळू बोला," मच्छिंद्र दबक्या आवाजात म्हणाला. "मागं जोडीदार झोपलाय. महिपती. पोरगी गेली त्याची. पुण्याला पोचंस्तवर उठवायचा न्हाई त्याला."

मच्छिंद्र कुठल्या रस्त्यावर होता ते महिपतीला कळलं. इतक्या वर्षांच्या इतक्या खेपा, आणि त्याच्या डोक्यात उरली होती ती ही एकच. मीच महिपती, मीच तो, असं त्याने परोपरीने सांगून बघितलं. मच्छिंद्रने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्याचे पांढरे केस, पडलेले दात पाहिले, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. परक्या माणसाच्या हातात आपण गाडी देत नसतो, एवढं सुनावून तो पुन्हा भिंतीकडे बघायला लागला. त्यानंतर महिपतीने किती मिनतवाऱ्या केल्या तरी त्याचे पाय फरशी दाबत राहिले. महिपतीला राग आला, मग लाज वाटली, आणि तो जिना उतरला.

घरी जाववेना म्हणून तो टपरीवर परतला. एव्हाना तिथे एकटा तात्याराव उरला होता. तात्याराव मूळचा कसब्यातला. आयुष्यभर ट्रक चालवून शिवी एकही शिकला नव्हता, पण त्याच्या बोलण्यापुढे शिवी परवडली असती. महिपतीने त्याला सगळं सांगितलं. ज्या माणसाशेजारी जन्म काढला त्याने आपल्याला परका म्हणावं, हे त्याने दोनदा सांगितलं.

तात्यारावाने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू उभा कुठे राहिलास?"

"त्याच्या समोर."

"चालत्या गाडीपुढे? नशीब समज, उडवलं नाही त्याने तुला." तात्यारावाने बशी खाली ठेवली. "जोडीदार मागून उठून येतो, महिपती. खांद्यावर हात ठेवतो. ड्रायव्हर काय मान वळवून त्याचं तोंड बघत बसतो? इतकी वर्षं गाडी चालवलीस ना तू?"

महिपती उठलाच. त्याला स्वतःचीच चीड आली होती. एवढी साधी गोष्ट, पोटापाण्याची गोष्ट, आणि आपण पाहुण्यासारखे समोर जाऊन नाव सांगत बसलो.

तो पुन्हा कर्वेनगरात पोचला तेव्हा ऊन कललं होतं. शैलाला त्याने खुणेनेच गप्प राहायला सांगितलं आणि चपला बाहेर काढून खोलीत आला. मच्छिंद्र तसाच बसला होता, दाराकडे पाठ करून. महिपती कॉटच्या मागच्या बाजूला गेला, हळूच वर चढला आणि मच्छिंद्रच्या पाठीमागे आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन, त्याच्याकडे पाठ करून. फळी अरुंद होती, तिच्यावर असंच झोपावं लागायचं.

झोपल्याबरोबर त्याला तो दिवस आठवला. आठवायचा नव्हता, पण आठवला. हुबळीला तार मिळाली होती, धाकटी तापाने गेली म्हणून. मच्छिंद्रने माल तिथेच दुसऱ्या गाडीवर चढवला आणि रिकामी गाडी पुण्याकडे वळवली. महिपती फळीवर पडून राहिला, डोक्यावरून घोंगडी घेऊन, आणि तोंडात तिचं टोक कोंबून रडला. त्याची पाळी आली आणि गेली. बेळगाव गेलं, कोल्हापूर गेलं, सातारा गेलं, मच्छिंद्रने त्याला हाक मारली नाही. पुण्यात उतरल्यावर मच्छिंद्रची बोटं सरळ होत नव्हती. आपण झोपलोय असं समजून जोडीदाराने उठवलं नाही, एवढंच महिपतीने धरून ठेवलं. पुढे दोघांपैकी कोणीही त्या प्रवासाचं नाव काढलं नाही.

आता तो उठून बसला. मच्छिंद्रच्या उजव्या खांद्यावर त्याने हात ठेवला. पूर्वीचा भरदार खांदा, आता नुसतं हाड लागलं.

"दे आता," महिपती म्हणाला. "घाट मी काढतो."

मच्छिंद्रने मान वळवली नाही. पण फरशी दाबणारा पाय सैल पडला. दारात उभ्या असलेल्या शैलाने पदर तोंडाला लावला.

"टायरची हवा ठीक हाय," मच्छिंद्र म्हणाला. गाडी सोपवताना जोडीदाराला सांगायचं असतं तसंच, एकेक. "डाव्या अंगाला ओढती जरा. दुसऱ्या गिअरमधनंच उतर." मग तो थांबला. "बरं वाटतंय का रे आता?"

"हो. झोप झाली माझी."

"कुठली झोप," मच्छिंद्र म्हणाला. "तू झोपलास की घोरतोस. सगळ्या रस्त्यात एकदाबी घोरला न्हाईस. म्हणून उठवला न्हाई तुला."

एवढं बोलून त्याने वॉकरची दांडी सोडली. बोटं आखडली होती, ती महिपतीला एकेक करून सरळ करावी लागली. मग मच्छिंद्र मागे सरकला आणि महिपतीकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला. शैला चादर घेऊन आत येईपर्यंत त्याचा श्वास संथ झाला होता.

महिपती त्याच्या जागी, कॉटच्या कडेला बसला. इंजिनच्या आवाजात आपलं रडणं बुडालं, असं तो आजवर समजत आला होता. त्याने दोन्ही हातांनी वॉकरची दांडी घट्ट धरली, समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि मागे झोपलेला माणूस उठू नये म्हणून आवाज न करता तो रडू लागला.