पोकळीतल्या शेळ्या

मावशी कुठलंही पुस्तक मधूनच वाचायची. नवं पुस्तक हातात आलं की कलिंगड चिरावं तसं ते बरोबर मध्यावर उघडायची, तिथली वीस-पंचवीस पानं वाचायची आणि मिटून ठेवायची. तिचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या पानांत लेखक भांग पाडून, अंग चोरून पाहुण्यासमोर बसलेला असतो, आणि शेवटी शेवटी त्याला निघायची घाई झालेली असते. मध्ये मात्र तो घरात वावरतो तसा वावरतो, बनियनवर. माणूस पारखायचा तर तेव्हा.

ही पारख ती एका साप्ताहिकात दर आठवड्याला छापून आणायची. नुकत्याच निघालेल्या पुस्तकांतली तीन निवडायची आणि चारचौघांना समजेल असं सांगायचं, की हे घ्या, हे उसनं आणा, हे कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. एका जाडजूड चरित्राबद्दल तिनं लिहिलं होतं, 'झोपून वाचू नका, नाकावर पडेल.' एका कवितासंग्रहाबद्दल लिहिलं होतं, 'ज्याच्याशी बोलणं बंद करायचं आहे त्याला भेट द्या.' तिला कधीही न भेटलेले वाचकही तिला मावशीच म्हणायचे, आणि तिच्या शब्दावर दुकानात जायचे.

घरात या सदराचा मान वेगळ्या कारणानं होता. प्रकाशकांकडून येणाऱ्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांनी मागची खोली भरली होती, आणि त्या गठ्ठ्यांच्या आडोशाला मावशीची खाट, टेबल आणि टेबलफॅन होता. मुलानं हौसेनं आणलेलं चालायचं मशीन बिचारं बोळात उभं होतं. येताजाता सगळ्यांच्या नडग्या त्यावर आपटायच्या. सून म्हणायची, "आई, ज्या दिवशी तुमचं सदर बंद, त्या दिवशी मशीन आत." ती हसत म्हणायची, पण सून हसत जे म्हणायची ते नंतर व्हायचं, हा मावशीचा अनुभव होता.

तर एकदा एक कादंबरी आली. मागच्या कव्हरवर लिहिलं होतं, 'एका माणसाच्या आतल्या पोकळीचा निर्भय शोध.' मावशीनं नाक मुरडलं आणि पुस्तक मध्यावर उघडलं. तिथं शेळ्या होत्या.

चांगल्या धडधडीत शेळ्या. एक शेळी पहिल्यांदाच व्यायलेली, स्वतःच्या पिलाकडे कुणी परकं यावं तसं बघणारी, जवळ घेत नाही, आचळाला लागू देत नाही. लेखक सांगत होता, की तिला मारू नका, ओरडू नका, तीही घाबरलेली आहे. पिलाच्या अंगावरचा ओलावा तिच्या नाकाला लावा. मग गोठ्याचं दार लोटून घ्या आणि तिच्या बाजूला गप्प बसा. मावशी वाचता वाचता खाटेवरून उठून बसली. पिलू धडपडत उठलं, शेळीनं मान वळवली, पिलानं तोंड पुढे केलं, आणि पान उलटल्यावर एक गृहस्थ गॅलरीत उभा राहून समोरच्या इमारतीकडे बघत होता.

मावशीनं पानं पुढे-मागे केली. पिलू प्यालं की नाही, कुठंच नाही. आता नव्या कादंबऱ्यांत असंच असतं, हे तिला ठाऊक होतं. तोंडाशी आलेला घास काढून घेतात आणि त्याला कला म्हणतात. पोकळीत शेळ्या कशा आल्या, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण पोकळी म्हटल्यावर जागा असणारच, असं तिनं मनाचं समाधान करून घेतलं. आणि लिहिलं, 'या वर्षात इतकी खरी पात्रं मी पाहिली नाहीत. गॅलरीतल्या गृहस्थाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण त्या शेळीसाठी आणि न पिणाऱ्या पिलासाठी हे पुस्तक घ्याच.'

लोकांनी घेतलं. आणि मग साप्ताहिकाच्या कचेरीत फोन वाजायला लागले. शेळ्या कुठं आहेत? एकानं कादंबरी दोनदा वाचून काढली होती आणि आता त्याला बरं वाटत नव्हतं. एका बाईंना वाटलं, आपल्या दुकानदारानंच शेळ्यांची पानं काढून ठेवली.

संपादकानं मावशीला तिची प्रत घेऊन बोलावलं. तो तसा गरीब स्वभावाचा माणूस, कायम कुणाची तरी माफी मागायच्या बेतात असलेला. त्यानं प्रत उघडली, मध्यावरची पानं अंगठ्यानं चाळली आणि खुर्चीत मागे टेकला. त्या सोळा पानांचा कागद वेगळा, टाइप वेगळा, पानांचे आकडेसुद्धा वेगळे. प्रकाशकाला फोन लावल्यावर उलगडा झाला. त्याचंच शेळीपालनाचं पुस्तक बाइंडरकडे त्याच दिवशी शिवायला होतं, आणि त्यातला एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा जुडगा, कादंबरीच्या पोटात गेला होता. एवढ्या एकाच प्रतीत. आणि ती प्रत आली मावशीकडे.

"मावशी, पुढचं-मागचं तुम्ही काहीच वाचलं नाहीत?"

मावशीनं त्याला विचारलं, की तू वाचलीस का. संपादकानं टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. मग त्यानं सांगितलं, की शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कादंबरीकाराशी गप्पांचा कार्यक्रम आहे आणि तिनंच त्या चालवायच्या. शेळ्यांचा विषय निघणारच. तो तिनं गोडीगुलाबीनं मिटवला तर ठीक. लोक हसले, तर ते मावशीला नाही, साप्ताहिकाला हसतील, आणि मग सदर चालू ठेवणं त्याच्या हातात राहणार नाही.

मावशी घरी आली. बोळात मशीन उभं होतं. नडगीला लागलं.

शनिवारपर्यंत तिनं ती कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. आयुष्यात असं काम तिनं पहिल्यांदाच केलं. गृहस्थ गॅलरीत येतो, विचार करतो आणि शेवटी आत जातो. तो आत गेल्यावर मावशीला इतकं हायसं वाटलं, की तिनं सुनेला हाक मारून सांगितलं, की गेला एकदाचा.

शनिवारी हॉल भरला होता. कादंबरीकार सावकाश बोलणारा होता, प्रत्येक वाक्यानंतर ते कुणी लिहून घेतंय का बघणारा. मावशीनं त्याला सोपे सोपे प्रश्न विचारले. मग श्रोत्यांतून एक जाडजूड गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, की शेळ्या कोणत्या पानावर आहेत.

हॉलमध्ये खसखस पिकली. मावशीनं तोंड उघडायच्या आत कादंबरीकारानं हात वर केला. चुकीच्या पानांचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मावशीनं केलेली स्तुती त्याच्या खिशात कात्रणाच्या रूपात होती. तो म्हणाला, की शेळ्या शब्दांत शोधायच्या नसतात, त्या ओळींच्या मधल्या जागेत असतात, आणि मावशींसारख्या तयारीच्या वाचकाला त्या दिसल्या याचा त्याला आनंद आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उठलेले गृहस्थ ओशाळून बसले. पहिल्या रांगेतला संपादक मावशीकडे बघून सुटलो अशी मान हलवत होता. मावशीनं नुसतं हो म्हणायचं होतं. सदर राहिलं असतं, खोली राहिली असती.

पण कादंबरीकाराला चेव आला. तो म्हणाला, "आणि खरं सांगू का, ते न पिणारं पिलू म्हणजे मीच आहे."

मावशीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस चांगला खाऊनपिऊन होता.

"मग शेवटी ते प्यालं का हो?" तिनं विचारलं. हे तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ते मी वाचकावर सोपवलंय."

मावशीचं डोकं फिरलं. तिकडे लेकरू उपाशी, आणि हा वाचकावर सोपवून मोकळा. तिनं पिशवीतून आपली प्रत काढली आणि माइक जवळ ओढला.

"शेळ्या यांच्या नाहीत," ती म्हणाली. "बाइंडरच्या चुकीनं आत शिरल्या. मी पुस्तकं मधूनच वाचते, म्हणून मला कळलं नाही. चूक माझी. पण पुस्तक चांगलंच सुचवलं होतं, फक्त कव्हर चुकलं."

आणि तिनं शेळीचं पान वाचायला घेतलं. सुरुवातीला लोक हसले, हसायचंच होतं. मग ओलावा नाकाला लावायची जागा आली आणि हसणं थांबलं. पिलानं तोंड पुढे केलं आणि मावशीनं पुस्तक मिटलं, तेव्हा मघाचेच जाडजूड गृहस्थ परत उठले.

"त्या पुस्तकाचं नाव काय?"

मागच्या भिंतीला चिकटून दाराकडे सरकणारा एक माणूस थबकला. तो प्रकाशक होता. इतका वेळ तोंड लपवत होता, तो आता छाती काढून पुढे आला आणि म्हणाला, की गोदामात भरपूर प्रती आहेत.

सदर गेलं. संपादकानं फोनवर तिची तीनतीनदा माफी मागून ते बंद केलं. आता तिथं एक विद्वान लिहितात. ते प्रत्येक पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि त्यामुळे कुणाला काहीच सुचवत नाहीत.

गठ्ठे बांधून वाचनालयाला गेले आणि मशीन आत आलं. मावशीची खाट राहिली, पण आता रोज सकाळी तिच्या उशाशी सून धापा टाकत चालते. प्रकाशकानं शेळ्यांचं पुस्तक भेट पाठवलं होतं. मावशीनं चष्मा लावून ते पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं. शेळी विकत घेताना दात कसे बघावेत, गोठ्याचं तोंड कोणत्या दिशेला असावं, चारा किती. सुनेनं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग चालता चालताच ती म्हणाली, "आई, मधूनच वाचा ना. ते पिलू प्यालं का तेवढं सांगा."

"गप चाल," मावशी म्हणाली आणि पान उलटलं. "आधी शेळी गाभण तर राहू दे."