फुटबॉलची कावीळ

त्या रविवारी सकाळी सागरदीप सोसायटीच्या हॉलमध्ये सतरा मुलं पिवळ्या डोळ्यांनी सतरंजीवर बसली होती आणि त्यांच्यामागे सतरा आया हात जोडून उभ्या होत्या. दारात चपलांचा ढीग, खिडक्यांना लटकलेले बघे. साल चौऱ्याण्णव, मे महिना, नेरूळ. ज्या हॉलमध्ये पार्किंगवरून एकमेकांच्या अंगावर धावून जायची आमची रीत, तिथे त्या दिवशी कोणी शिंकायलासुद्धा धजत नव्हतं.

पुढे पाटावर नामदेवअण्णा बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा, कपाळाला अष्टगंध, मनगटावर सोनेरी घड्याळ. समोर पितळेच्या परातीत, ओल्या फडक्याखाली झाकलेल्या माळा. हिरव्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, पांढऱ्या दोऱ्यात गुंफलेले. माळ कसली, वाटीच्या तोंडाएवढं कडंच ते.

"डॉक्टर काय सांगतो? कावीळ लिव्हरमध्ये!" अण्णांनी हॉलभर नजर फिरवली. "साफ चूक. कावीळ बसते टाळूत. टाळूतून डोळ्यात, डोळ्यांतून नखात. आपण तिला वरच गाठायची. ही माळ टाळूवर ठेवली की कावीळ माळेला धरून खाली उतरते, आणि माळ वाढत जाते. आज डोक्यावर, उद्या गळ्यात, मग छातीवर. बेंबीला टेकली की खेळ खलास! मला काही नको. फक्त विश्वास द्या. आणि एक लक्षात ठेवा माउली, माळ अंगावर असताना सुई नाही, गोळी नाही. सुई टोचली की कावीळ घाबरून आत पळते."

बायका हसल्या. घाबरून पळणारी कावीळ! मीही हसले. हसत हसत मी माझ्या सहा वर्षांच्या स्वानंदला पुढे सरकवलं आणि त्याच्या डोक्यावर माळ ठेवून घेतली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणपणा सांगायला लागले की कोणाचा गैरसमज नको.

मी काही अडाणी नव्हते. दहावीनंतर शिक्षण सुटलं, पण वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नसे. नवरा नंदकिशोर बँकेत. तो म्हणाला, "ठेव ना माळ. त्यात नुकसान काय आहे?" शिकलेल्या माणसाला अंधश्रद्धेत शिरायला हे एवढं एक वाक्य पुरतं.

त्याआधी तीन दिवस डॉक्टर गीतांजलींनी स्वानंदला तपासलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "घाबरू नका. आराम, उकळलेलं पाणी, साधं जेवण. चार दिवसांनी रक्त पुन्हा तपासू. पण उलट्या थांबल्या नाहीत किंवा दिवसाढवळ्या गुंगून पडायला लागला, तर तसाच उचलून आणा." पण डॉक्टरांकडे परात नव्हती, आणि विश्वास द्या असंही त्या म्हणाल्या नव्हत्या. पंचवीस पेशंट बाहेर बसलेले, त्या घाईत बोलल्या. अण्णांना कसलीच घाई नव्हती.

माझी दोन्ही पोरं त्या महिन्यात घरात जेवायला आणि झोपायला तेवढी येत. मागे सेक्टरचे रिकामे प्लॉट, त्यापलीकडे खाडी. सकाळपासून फुटबॉल, मग खेकडे, मग पुन्हा फुटबॉल. दहा वर्षांचा शौनक पुढे आणि त्याच्या मागे स्वानंद, गुडघ्यापर्यंत चिखलाचे मोजे घालून. तहान लागली की वर घरी येईल कोण? खाली सोसायटीच्या टाकीचा नळ होता, त्याला तोंड लावायचं. शौनकला काही झालं नाही. स्वानंद मात्र एका सकाळी म्हणाला, "आई, मला वरणाचा वास नको." वरणावर जीव टाकणारा माझा मुलगा. मी त्याचे डोळे उघडून पाहिले, तर हळदीच्या बोटानं पुसल्यासारखे.

रविवारनंतर सोसायटीत नमस्कार-चमत्कार बंद झाले. जिन्यात भेटलं की एकच प्रश्न. "किती उतरली?"

"आमची कानापर्यंत."

"ईश्वरीची तर गळ्यात आली!" समोरच्या ब्लॉकमधली वैशाली शिवणाची टेप घेऊन लेकीची माळ दिवसातून दोनदा मोजायची. ईश्वरी खरोखरच टवटवीत होत चालली होती. मग काय, वैशाली सगळ्यांच्या घरी जाऊन माळा मोजायला लागली. "शौनकची आई, तुमची पण मस्त उतरतेय हं! टेन्शन नका घेऊ."

माळ उतरत होती, खोटं कशाला बोलू? मंगळवारी गळ्यात आली. अण्णांनी सांगितलेला उसाचा रस मी नाक्यावरच्या गाडीवरून आणत होते. गोणपाटातला बर्फ, त्यावर माश्या, आणि काल कोणी प्यायलेला ग्लास आज त्याच बादलीत बुचकळून. तो रस मी माझ्या आजारी लेकराला पाजला. आजही आठवलं की किळस येते.

बुधवारी कमळी आली. सारसोळ्याची कोळीण, आठ वर्षं माझ्याकडे मासळी घालणारी. पाटी टेकताना तिने स्वानंदला पाहिलं, मग माळेला बोट लावलं.

"ही कवाची?"

"रविवारची. बघ ना, इवलीशी होती, केवढी वाढली! कावीळ उतरतेय."

"अगो बाय, ताजी काडी हाय ती. वालली का आकसनारच. आमचा बोंबील नाय का? काठीवर टाकताव तवा कवरा गुबगुबीत, चार दिसांनी बोटाएवरा. काडी बारीक झाली, दोरा सैल परला. त्यान कावीळ कुठशी आली?"

मला राग आला. खरं सांगते, मनात आलं, हिला काय कळतंय! ती गेल्यावर मात्र चैन पडेना. स्वानंद झोपला होता. मी चष्मा लावून माळ पाहिली. दोरा काडीच्या पोटातून ओवलेला नव्हताच. प्रत्येक काडीला त्याचे चार-पाच वेढे घट्ट आवळलेले, मग पुढची काडी, पुन्हा वेढे. काही वेढे सुटून लोंबत होते.

ओट्यावर माठाची जुडी होती. मी तिचे कोवळे देठ पेरापेराने कापले, त्यांना तसेच वेढे आवळले आणि वाटीएवढं कडं केलं. प्रश्न आला, घालायचं कोणाला? शौनकचा फुटबॉल बाल्कनीत पडून होता. भाऊ आजारी म्हणून तोही खेळायला जात नव्हता. त्याने स्केचपेनने फुटबॉलला डोळे काढले, ते पिवळे रंगवले आणि मी त्या टाळूवर माळ ठेवली.

"आई, ह्याला पण रस पाजायचा?"

"गप. आणि हात लावू नकोस."

गुरुवारी फुटबॉलची माळ डोळ्यांवर आली. शुक्रवारी संध्याकाळी ती घसरून खाली पडली आणि चेंडूभोवती ऐसपैस वेढा घालून बसली.

आपण म्हणतो ताप उतरला, सूज उतरली, विष उतरलं, दृष्ट उतरली. तशी माळ उतरली. शब्द एकच, म्हणून आम्हाला वाटलं गोष्टही एकच. एका क्रियापदाने अख्ख्या सोसायटीला गुंडाळून ठेवलं होतं.

मी आत धावले. स्वानंदची माळ पोटावर लोळत होती, आणि दोन दिवस शांत झोपलाय म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते, तो झोपलेला नव्हता. हाका मारल्या तर डोळे अर्धे उघडले. उशाशी वांती. शौनक पुढे झाला तर त्याच्याकडे बघून म्हणाला, "हा कोण दादा?"

तेवढ्यात वैशाली टेप घेऊन आली. "अय्या, बेंबीला टेकली की! पेढे द्या आता!"

"वैशाली, माळेकडे काय बघतेस? त्याच्याकडे बघ!"

तिने पाहिलं. टेप हातातून खाली घरंगळली. मग तीच खाली पळाली आणि रिक्षा घेऊन आली.

डॉक्टर गीतांजलींनी त्याला तपासलं, लगेच हॉस्पिटलात दाखल करायला लावलं, स्वतः बरोबर आल्या. सलाईन लागलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "किती दिवस असा गुंगीत आहे?"

"परवापासून."

"परवा का नाही आणलंत? मी सांगितलं होतं ना?"

"माळ उतरत होती," मी म्हणाले. ते वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि माझ्याच कानांनी मी ते ऐकलं. यापेक्षा त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, मुलांची ही कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते. शंभरातली नव्व्याण्णव पोरं. मग गळ्यात माळ घाला नाहीतर टाय घाला. तो माळवाला त्या नव्व्याण्णवांच्या जिवावर देव झालाय."

"आणि उरलेला एक?"

त्यांनी काचेतून आत पाहिलं.

पाच दिवस मी त्या बाकावर बसून होते. सहाव्या दिवशी स्वानंदने वरण-भात मागितला. डॉक्टर म्हणाल्या, आता धोका नाही. त्यानंतरच्या रविवारी नंदकिशोरला त्याच्या उशाशी बसवलं आणि मी सोसायटीच्या हॉलमध्ये गेले. शौनक फुटबॉल घेऊन बरोबर.

या वेळी एकतीस मुलं होती. तोच पाट, तीच परात. "कावीळ बसते टाळूत..." चालू होतं.

"अण्णा, ह्याचीही उतरली," मी म्हटलं आणि फुटबॉल त्यांच्यापुढे ठेवला. गळ्यात माठाच्या देठांची वाळकी माळ. पिवळे डोळे अण्णांकडे रोखलेले. पोरं फिदीफिदी हसायला लागली.

अण्णा मुरलेले होते. "ताई, देवाच्या गोष्टींची थट्टा बरी नाही. जिथे श्रद्धा असते तिथेच गुण येतो."

"मग ह्या फुटबॉलची श्रद्धा भलतीच दांडगी. तीन दिवसांत बरा झाला."

आता आयाही हसल्या. मी परातीतली एक माळ उचलली. अण्णा हात धरायला आले, तर मध्ये वैशाली उभी राहिली. मी सगळ्यांसमोर एकेक वेढा सोडवला. वाटीएवढ्या कड्यातून दोरा निघतच राहिला. दोन्ही हात पसरले तरी संपेना.

"ही तुमची सिद्धी. काडी ताजी असते तोवर वेढा घट्ट. काडी वाळली, आकसली, की वेढा सुटतो आणि दोरा लांबतो. हे ओलं फडकं कशाला? परातीतच कावीळ उतरू नये म्हणून!"

अण्णांनी परात उचलली. जाता जाता म्हणाले, "तुमच्या पोराला गुण आला नाही, कारण तुमच्या मनात शंका होती." आणि यावर, तुम्हाला खोटं वाटेल, मागून दोन बायकांनी मान डोलावली. एक तर मला म्हणाली, "चेंडूलाच कोणाची नजर लागली असेल हो." माझा मुलगा अजून हॉस्पिटलात होता, आणि ही बाई चेंडूची दृष्ट काढायला निघाली होती. इतकी किळस मला त्या रसाच्या बादलीचीही आली नव्हती.

मग मी सगळ्यांना खाली टाकीपाशी नेलं. झाकण मोडलेलं, आणि एका बाजूने गटाराचं पाणी झिरपून आत जात होतं. वासानेच पदर नाकाला गेले. सेक्रेटरी श्यामसुंदर यांनाच विचारलं, "हे कधीपासून?"

"दुरुस्तीचं कोटेशन आलंय, मीटिंगमध्ये घेणार होतो..."

"आणि अण्णांना कोणी आणलं?"

आणलं त्यांनीच होतं. कावीळ टाळूतून येते म्हटलं की टाकीत वाकून बघायला कोण जातंय?

टाकी धुतली, झाकण बसलं. स्वानंद अशक्त होऊन घरी आला, पण आला. अण्णा कुठे गेले ते कोणी विचारलं नाही. असली माणसं कुठे जात नाहीत. आपण जिथे विचार करायचं थांबवतो तिथे ती पाट मांडून तयार असतात. म्हणून एवढंच सांगते: कोणी चमत्कार दाखवला की हात जोडायच्या आधी विचारा, हे केलं नसतं तर काय झालं असतं? आणि खरा माणूस असेल तर तो या प्रश्नावर रागावणार नाही.

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी फोन वाजला. खांदेश्वरहून एक बाई बोलत होती. नाव बयाबाई, कोणाकडून तरी आमचा नंबर मिळाला होता. तिच्या नातवाला कावीळ झाली होती. "तुमच्या सोसायटीत माळवाले अण्णा यायचे ना? त्यांचा पत्ता द्या हो, लई उपकार होतील."

"नातू जागा आहे का?"

"झोपलाय सकाळपासून. उठवलं तर उठत नाही नीट."

"कागद-पेन्सिल घ्या," मी म्हटलं. "सांगते पत्ता."

मी तिला स्वानंदला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलचा पत्ता सांगितला. रस्ता, खूण, रिक्षावाल्याला काय सांगायचं ते, सगळं. दोनदा वाचून घेतलं.

"तिथे अण्णा भेटतील ना?" तिने विचारलं.

"तिथे औषध मिळेल," मी म्हटलं. "मी फोन ठेवत नाही. तुम्ही आधी पोराला उचला."