वरच्या मजल्यावरून आलेली वायर

ताई वरच्या मजल्यावर राहते, मी बरोबर तिच्या खाली. तिच्या खिडकीतून माझ्या खिडकीत एक वायर उतरते. आम्ही दोघी घरूनच पुस्तकांचं काम करतो. मी पानं लावते, ताई मुद्रितं तपासते. त्या वायरीने आमचे कॉम्प्युटर जोडलेले, म्हणजे मी इथे फाइल ठेवली की ती वर उघडायची. मग आई कोणाकडे राहणार यावरून आमचं बिनसलं. आई वर ताईकडे राहायला गेली, बोलणं बंद झालं आणि कामही. आता डोक्यावर आईची काठी टकटक करते आणि मी खाली बसून ऐकते. तिला बघावंसं इतकं वाटतं की जेवण गोड लागत नाही. पण बोलावल्याशिवाय जिना चढायचा नाही, हा माझा ताठा.

परवा माझा कॉम्प्युटर बिघडला. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून नव्याने भरलं, त्यात वर जोडणारं सेटिंगही गेलं. मी ते परत करायला बसले.

"काम तर बंद आहे. कशाला हवंय तुला ते?" नवऱ्याने विचारलं.

"असू दे."

त्याला काय सांगणार? रोज सकाळी माझ्या पडद्यावर ताईचा कॉम्प्युटर चालू झालेला दिसायचा. म्हणजे आईचं आवरून ताई टेबलाशी बसली, एवढं कळायचं. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

वायर काढून घट्ट बसवली. बारका दिवा लागला, म्हणजे वायर शाबूत आणि वरचा कॉम्प्युटर चालू. आता पत्ता. दोन्ही कॉम्प्युटरना आकड्यांचा एकेक पत्ता लागतो. सुरुवात सारखी, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. ताईचा एक, माझा दोन. हे तिनेच ठरवलेलं, मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मी दोन टाकला. पडद्यावर आलं, हा पत्ता दुसऱ्या कॉम्प्युटरने घेतलेला आहे.

माझं डोकंच फिरलं. या वायरीवर दुसरं आहे कोण? आईला नेलंस, आता माझा आकडाही? घे बाई, म्हटलं, आणि एक टाकला.

पुन्हा तेच. परत दोन टाकला, तरी तेच.

मग माझा हात थांबला. तिच्या पडद्यावरून मी दिसेनाशी झाल्यावर ताईसुद्धा वर आकडे बदलून खटपट करत बसली होती. बोळात समोरासमोर आलेली माणसं वाट द्यायला एकाच बाजूला सरकतात, तसं आमचं चाललं होतं. आईच्या बाबतीत दोघी तसूभर हटलो नाही, आणि इथे दोघी एकदम माघार घेत होतो. मला हसू आलं आणि लगेच रडूही.

वरच्या खिडकीतून आवाज आला. "आकडे कोण बदलतंय खाली?"

"मीच."

"मग आता हात लावू नकोस. राहू दे तुझा दोन. मी करते बरोबर."

"बरं, ताई."

कितीतरी महिन्यांनी तो शब्द तोंडातून निघाला.

वर काठी वाजली. "कोणाशी बोलतेस गं?" आईने विचारलं.

"धाकटीशी," ताई म्हणाली. "वर येतेय ती."