मिरीचा स्टेक आणि खालची कवळी

दातवालीच्या सासऱ्यांचे सगळे दात एका वर्षात गेले. आधी दाढा गेल्या, मग पुढचे हलायला लागले, आणि शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की उरलेल्या सहांचा मोह सोडा. जी बाई दिवसभर बसून लोकांच्या कवळ्या घडवते, तिच्याच घरात तोंडाचं बोळकं! शेजाऱ्यांनी हसू नये तर काय करावं?

दातवाली हे तिला गल्लीनं दिलेलं नाव. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत ती काम करायची. समोर प्लास्टरचे जबडे मांडलेले, हाताशी मेणाच्या पट्ट्या आणि बोटभर ज्योतीची एक छोटी शेगडी. केसाएवढा फरकही तिच्या नजरेतून सुटत नसे. पण स्वयंपाकाचं म्हणाल तर आनंदीआनंद. त्याला कारणही तसंच होतं. या घरात लग्न करून आली त्या दिवसापासून स्वयंपाकघर सासऱ्यांच्या ताब्यात.

सासऱ्यांना सगळे वस्ताद म्हणत. बत्तीस वर्षं ते एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात उभे होते आणि त्यांचा हात एका पदार्थावर बसलेला होता: फ्रेंच पद्धतीचा मिरीचा स्टेक. मांसाचा दोन बोटं जाड काप घ्यायचा, त्याला भरडलेली काळी मिरी दाबून लावायची, तापलेल्या जाड तव्यावर तो भाजायचा आणि त्याच तव्यात ब्रँडी आणि क्रीमचा सॉस करायचा. सांगायला दोन वाक्यं, करायला निम्मा जन्म, असं ते म्हणत. निवृत्तीनंतर घरीही रविवारी दुपारी तोच बेत असायचा. पण मग उजवा हात थरथरायला लागला. पाठोपाठ दात गेले. तवा कपाटात गेला आणि वस्ताद आपल्या खोलीत.

सुनेकडून कवळी करून घ्यायला ते तयार झाले नाहीत. कुणालाही न सांगता गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन कुठूनशी एक जोडी आणली. दातवालीनं पेल्यातल्या पाण्यात ती पाहिली आणि एका नजरेत ओळखलं, की डावी बाजू उंच झालीय, हिरडीला काचणार. पण ती बोलली नाही. माणूस आपल्यापासून लपवून काही करतो, तेव्हा ते आपल्याला दिसलं नाही असं दाखवणं हीसुद्धा एक माया असते. वस्ताद सूप आणि दुधात भिजवलेला पाव खाऊ लागले, तेही खोलीचं दार लावून. बोलताना तोंडावर हात धरायची सवय लागली. नवरा म्हणायचा, "बाबांना एकटं राहू दे थोडं." नवरा मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून संध्याकाळी त्याला कशावरच मत द्यायचं त्राण उरत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी ती चहा करायला स्वयंपाकघरात गेली, तर वस्ताद टेबलाशी पाठमोरे बसलेले. समोर मिरीची बरणी उघडी. गालात काहीतरी धरून ते डोळे मिटून चोखत होते. तिची चाहूल लागताच दचकले आणि हात तोंडावर गेला.

"काय खाताय बाबा?"

"काही नाही." मग हात खाली घेत, "एक मिरी होती. चावता येत नाही ना, म्हणून नुसती ठेवली होती. विरघळते का बघत होतो."

"विरघळते?"

"छे! दगड आहे."

ते हसायला गेले आणि हसू अर्धवटच राहिलं. दातवाली समोरची खुर्ची ओढून बसली.

"बाबा, तोंड उघडा."

"काहीतरीच! सुनेपुढे सासऱ्यानं तोंड उघडायचं?"

"रोज वीस तोंडांची मापं बघते मी."

"ती वीस तोंडं तुझ्या सासऱ्याची नसतात," वस्ताद म्हणाले. मान खाली घालून बरणीचं झाकण फिरवत राहिले. "तू या घरात आलीस तेव्हा मी कसा होतो, आठव. आता हे बोळकं तू बघायचं? ते मला नाही जमणार, सूनबाई."

तिनं ती बरणी आपल्याकडे ओढून घेतली. मग ती म्हणाली, "ठीक आहे. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते, तर मी माझी लाज दाखवते. मला तुमचा मिरीचा स्टेक शिकवा."

वस्तादांनी मान वर केली. "तुला? परवा पाव भाजलास तेव्हा शेजारीण विचारत आली होती, काही पेटलंय का म्हणून."

"म्हणूनच म्हणते. दवाखान्यात तुमच्या चार खेपा होतील. माप आमच्या डॉक्टरीणबाई घेतील, मी नुसती बाजूला उभी राहीन. एक खेप तुमची, एक धडा माझा. माझी फजिती तुम्ही बघा, तुमची मी बघते."

"आणि शेवटी काय?"

"शेवटी मी केलेला स्टेक, मी केलेल्या दातांनी तुम्ही खायचा."

"माझ्याच घरात माझ्या डोक्यावर मिरी वाटायला निघालीस," वस्ताद पुटपुटले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कोट घालून दारात उभे होते.

पहिल्या खेपेला माप देताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, टोचून घेताना मिटावेत तसे. घरी आल्यावर पहिला धडा मिरीचा. दातवालीनं खलबत्ता काढला आणि मन लावून इतकी बारीक पूड केली, की वस्तादांना शिंकांवर शिंका.

"अगं, ही काय फोडणीत टाकायचीय? एका मिरीचे चार तुकडे. पाच नाही. तव्याच्या बुडानं दाब, अंगाचा भार टाकून. मग चाळून घे. चाळणीखालची पूड बाजूला ठेव, ती तव्यावर करपते आणि कडू होते. वर राहते ती आपली."

दुसऱ्या खेपेनंतर मांसाचा धडा. काप तासभर आधी बाहेर काढायचा, कापडानं टिपून कोरडा करायचा, मीठ, मग मिरी, आणि तळहातानं असं दाबायचं की मिरी मांसात रुतली पाहिजे. "थापटू नकोस, ते काय झोपवायचंय त्याला?" भाजला किती हे सुरी न लावता कसं ओळखायचं तेही त्यांनी सांगितलं. हात सैल सोडून अंगठ्याच्या बुंध्याशी असलेला मांसल भाग दाबून बघायचा. अंगठा पहिल्या बोटाला टेकवला की तो थोडा घट्ट होतो, दुसऱ्याला टेकवला की आणखी. आपल्याला हवा तो दुसऱ्या बोटाचा.

ती दाबून बघत म्हणाली, "हे तर मेणासारखंच आहे. दात बसवायच्या आधी मेण एवढंच मऊ असावं लागतं."

वस्तादांनी स्वतःचा थरथरता हात पुढे केला आणि तिच्या बोटानं तिथं दाबून घेतलं. "हेच," ते म्हणाले. "एवढंच."

तिसऱ्या खेपेनंतर आगीचा धडा, आणि त्याचा वस्तादांना धाक होता. भल्याभल्या मदतनिसांची या पायरीला गाळण उडालेली त्यांनी पाहिली होती. तव्यात ब्रँडी ओतायची, आणि ओतताना तवा आचेवरून बाजूला घ्यायचा, मग काडी लावायची. ज्वाळा हातभर उठते. वस्ताद ओल्या फडक्यासकट सज्ज उभे होते. पण दातवालीचा सगळा जन्म ज्योतीशेजारी गेलेला. ज्वाळा उठली, तशी तिनं चेहरा दोन वीत मागे घेतला, तवा हलकेच फिरवला आणि ज्वाळा शांत होईपर्यंत पापणीही लववली नाही.

"कुठे शिकलीस हे?"

"तुम्ही कधी माझ्या कामाच्या खोलीत आला आहात का?"

नव्हते आले. नऊ वर्षांत एकदाही नाही. चौथ्या खेपेला ते तिथं गेले, आपल्या पायांनी, आणि अर्धा तास स्टुलावर बसून तिचं काम बघत राहिले. एकेक दात चिमट्यानं उचलून ती मेणात लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. निघताना ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "हिच्या हाताला वेळेची घाई नाही." भटारखान्यात एवढी स्तुती त्यांनी दोनदाच केली होती, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं.

आणि मग तो रविवार आला. दात छान बसले होते. वस्ताद सकाळपासून आरशासमोरून तीनदा जाऊन आले. दातवालीनं स्टेक भाजला, ताटात काढून झाकून ठेवला, तव्यात बारीक कांदा परतला, ब्रँडी पेटवली, मांस उकळलेलं पाणी ओतून आटवलं, क्रीम घातलं आणि चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत हलवत राहिली. सगळं जमलं. नवऱ्यानं वासावरच दाद दिली. वस्तादांनी छोटा तुकडा कापला, तोंडात घातला, चावला, आणि डोळे भरून आले. तिला वाटलं, आनंदानं.

ते ओरडले. खालच्या कवळीच्या खाली मिरीचा कण शिरला होता.

ज्यांनी कवळी वापरली आहे त्यांनाच ठाऊक, वरची कवळी टाळूला चिकटून गुणी सुनेसारखी नांदते. खालची म्हणजे अडेलतट्टू. जीभ हलली की तीही हलते, आणि मधल्या फटीत एखादा कण गेला की बुटातल्या खड्यासारखा जीव घेतो. वस्तादांनी सुरीकाटा खाली ठेवला. दातवालीचा चेहरा उतरला. आता हे उठणार, खोलीत जाणार आणि दार लावून घेणार, हे तिला दिसतच होतं.

वस्ताद उठले नाहीत. त्यांनी तिथंच, टेबलावर, सगळ्यांसमोर खालची कवळी काढून बशीत ठेवली, तोंड हे एवढं मोठं उघडलं आणि बोट आत घालून दाखवलं. "हितं! उजवीकडं, मागं. टॉर्च आण. बघ नीट."

ती टॉर्च घेऊन वाकली. हिरडीवर टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका होता. तोंड झाकायला सासऱ्यांचा हात एकदाही वर गेला नव्हता, हे तिच्या लक्षात टॉर्च विझवल्यावर आलं.

"कड आखूड पडलीय," ती म्हणाली. "माझी चूक."

"चूक कसली! मिरी थोडी बारीक करू पुढच्या वेळी. नाहीतर चाळणीखालची घेऊ." वस्तादांनी हे म्हटलं आणि नवऱ्याचा घास हातातच राहिला. बारीक मिरीवरून या माणसानं एकदा हॉटेलच्या मालकाशी भांडण केलं होतं.

"मुळीच नाही," दातवाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मिरी जाडच राहील. एकीचे चार तुकडे. बदलायची असेल तर कवळी बदलेल."

वस्तादांनी कवळीची बशी तिच्यापुढे सरकवली. "बरं," ते म्हणाले. "पण आता हा स्टेक थंड होतोय, आणि परत गरम केलेला स्टेक म्हणजे चपलेचा तळवा. कुणीतरी खा बाबांनो." ती जबाबदारी नवऱ्यानं पार पाडली. तिन्ही ताटांची.

पुढचा आठवडाभर दातवाली कामावरून उशिरा सुटत होती. खालच्या कवळीची मागची कड तिनं दोनदा वाढवली, एकदा घासून कमी केली. वस्ताद रोज संध्याकाळी तोंड उघडून बसायचे आणि सूचना द्यायचे: डावीकडे ठीक, इथं किंचित, नाही, तिथं नाही, जरा पुढं. शुक्रवारी त्यांनी भाजलेला पाव चावून बघितला. शनिवारी सफरचंद.

रविवारी दुपारी तिनं पुन्हा तवा तापवला. या वेळी वस्तादांनी तोंडातून शब्द काढला नाही, नुसते तिच्या खांद्यामागे उभे राहिले. पहिला घास त्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा चावला, तिनं शिकवलं होतं तसा. मिरी कडकन फुटली. तो आवाज तिलाही ऐकू आला. ते थांबले.

"मीठ जरासं कमी आहे," वस्ताद म्हणाले आणि दुसरा तुकडा कापायला लागले.

तो एक स्टेक खायला त्यांना एक तास दहा मिनिटं लागली. कुणी उठलं नाही. शेवटी त्यांनी पावाच्या तुकड्यानं ताटातला सॉस टिपला, मग तवा मागवून तोही टिपला, आणि नाक पुसत म्हणाले, की मिरी आत्ता खरी नाकापर्यंत पोचली. तिनं पाण्याचा पेला पुढे केला, तर तिचा हात धरून त्यांनी एकदा दाबला.

त्यानंतर सलग चार रविवार घरात मिरीचा स्टेक झाला. दातवालीला दुसरं काही येत नव्हतं आणि वस्तादांना दुसरं काही नको होतं. पाचव्या रविवारी नवरा हात जोडून उभा राहिला. "बाबा, आठवडाभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून माझ्या पोटात आधीच आग असते. आज काहीतरी सौम्य करा हो!"

वस्ताद हसले. तोंडभर, खदाखदा, मान मागे टाकून. दातवाली हसली नाही. ती टेबलावर पुढे झुकून, डोळे बारीक करून बघत होती, हसताना वरची कवळी सुटते का ते.

सुटली नाही.