जळालेली वीज

मासिकाच्या मुखपृष्ठासाठी विजेचा फोटो दुपारपर्यंत पाठवायचा होता आणि फोटोग्राफरच्या पायाला भिंगरी लागली होती. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. थोरली बहीण संगणकावर फोटोतला उजेड उतरवत होती, पण पांढरीफटक वीज नुसती राखाडी पडली. तिचे फाटे काही दिसेनात.

"ताई, उजेड अजून थोडा खाली ओढ ना!"

"अरे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जास्त उजेडाने सगळं जळालंय, आत काही उरलंच नाही. आणि तू आधी बस, मला गरगरतंय."

तो बसला आणि लगेच उठला.

"बाकीचे फोटो कुठे आहेत?" तिने विचारलं.

"ते काळेकुट्ट आले होते. टाकून दिले."

तिने कपाळावर हात मारला. "शहाण्या, काळोखातून काढता येतं, जळालेल्यातून नाही!"

तिने संगणकाची कचरापेटी उघडली. ती रिकामी करायचा त्याला नेहमीप्रमाणे कंटाळा आला होता. काळ्या फोटोत विजेचा एकेक फाटा शाबूत होता. तिने उजेड वाढवला तशी खालची छपरंही दिसू लागली.

"आळसाने तारलं तुला," ती म्हणाली.

तो दाराशी चपला घालत होता. "पाठव लवकर! पोचला का ते मी मासिकाच्या कचेरीत जाऊन बघतो."