पैलतीरावरचं पातेलं

सूर्य कलला की रंगूनची ती गढूळ, मंदगामिनी नदी क्षणभर सोन्याची होई. मग ताम्रवर्णी, मग करडी, मग काळी. दूरच्या पॅगोड्याच्या सुवर्णशिखरावर शेवटचा किरण रेंगाळे आणि तोही निमूट उतरे. अंधार दाटे, आठ वाजत, आणि भांडी बोलू लागत.

आधी कुठल्याशा घरातून एक ताट. मग शेजारच्या गच्चीवरून कढई. मग गल्ली, मग पेठ, मग अवघी नगरी. पितळेचा, लोखंडाचा, ॲल्युमिनियमचा तो महानाद लाटालाटांनी नदीवर कोसळे. सैन्याने रातोरात राज्य गिळलं होतं. लोकांनी निवडून दिलेली माणसं तुरुंगात होती, चौकाचौकांत बंदुका होत्या, आणि त्या निःशस्त्र नगरीच्या हाती स्वयंपाकघरातली भांडी तेवढी उरली होती.

नदीच्या ऐन मध्यावर एक मालवाहू जहाज नांगर टाकून उभं होतं. ना माल उतरत होता, ना माणसांना उतरू देत होते. त्या जहाजावरचा आचारी हरेश्वर तांडेल, गुहागरकडचा. पहिल्या संध्याकाळी तो नाद ऐकून हातातला कालथा तसाच घेऊन तो बाहेर धावला. कठड्याशी तुन उभा होता. तुन त्या नदीकाठचाच लेक, जहाजाच्या इंजिनघरात राबणारा.

"दादा," तुन मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "आमच्यात घरात दुष्टात्मा शिरला की भांडी वाजवून हाकलतात."

"म्हंजे शेतात डुकरं शिरली म्हन की," हरेश्वर आपल्याच बोलीत पुटपुटला. "आमी पन डबेच बडवतो." आणि त्याला सगळं कळलं.

पैलतीरावर, शहराच्या समोर, माडांच्या श्यामल रांगेखाली तुनचं गाव होतं. तिथे त्याची आई होती. सैन्याने फोन तोडले त्याच्या आदल्या दिवशी तिचा निरोप आला होता: रोज आठ वाजता मी धक्क्यावर येईन, आपलं फुटकं पातेलं वाजवीन. तीन ठोके लागोपाठ, चौथा जरा उशिरा. ते वाजलं की समज, आई आहे.

पण दैवाची चेष्टा पाहा. वर्षानुवर्षं इंजिनांच्या गर्जनेत राहून तुनचे कान अर्धे गेले होते. त्याला तो महानाद म्हणजे नुसती धूसर घरघर वाटे. त्या घरघरीत आई कुठली, हे त्याला उमगेना, आणि एवढा थोरला गडी कठड्याला धरून रडला.

तेव्हा हरेश्वरने कान दिला. भांड्यांत जन्म गेलेला माणूस तो. फुटक्या पातेल्याचा घोगरा कंठ त्याने हजारांत ओळखला. तुन डोळे मिटून पाण्याकडे तोंड करून उभा राही. हरेश्वर मागे उभा राहून त्याच्या पाठीवर बोटांनी ठोके देई. तीन लागोपाठ, चौथा उशिरा. नदीपलीकडची आई अशी लेकाच्या पाठीवर उतरे आणि तुनचे खांदे सैल पडत.

कप्तानाने बजावलं होतं, हे आपलं भांडण नव्हे, भांडी आत ठेवा. पण डुकरं शेजाऱ्याच्या शेतात शिरली म्हणून कुणी आपला डबा खाली ठेवतं का? एका संध्याकाळी हरेश्वरने भाताचं थोरलं पातेलं डेकवर आणलं आणि झाऱ्याने धाडकन वाजवलं. फिलिपिनो खलाशाने पान्याने कठडा ठोकला. युक्रेनच्या इंजिनियरने बादली उचलली, चितगावच्या पोऱ्याने थाळी. नाना देशांचे, नाना भाषांचे, घरापासून तुटलेले हात त्या एका ठेक्यात आले, आणि जलगर्भातून जणू दुसरी नगरी बोलू लागली.

दोन्ही किनारे क्षणभर स्तब्ध झाले. मग असे उसळले की पाणी थरारलं. परक्यांनी ऐकलंय! आपण एकटे नाही! पैलतीरावर एक कंदील धावत धावत धक्क्याच्या अगदी टोकाला आला, उघड्यावर आला, उंच झाला. तुनने तो पाहिला आणि लहान मुलासारखे दोन्ही हात हलवले. मग कामाची वेळ झाली म्हणून तो हसत हसत इंजिनघरात उतरला.

त्यानंतर गस्तीची नौका आली. तिचा पांढरा, निर्दय झोत धक्क्यावर पडला. गोळ्यांचे आवाज झाले. घोगऱ्या पातेल्याचे तीन ठोके हरेश्वरने ऐकले होते. चौथ्याची तो वाट पाहत राहिला. तो आला नाही. जेवणाच्या वेळी तुन समोर बसला, तेव्हा हरेश्वरने त्याला वाढलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी किनारे दुप्पट त्वेषाने वाजले. शोकविदीर्ण, क्रोधदग्ध तो नाद. त्यात सगळी भांडी होती, ते एक नव्हतं. तुन नेहमीसारखा डोळे मिटून पाठ देऊन उभा राहिला. हरेश्वरने कानांत प्राण आणले. काही नाही. मग त्याची बोटं खोटं बोलली. तीन लागोपाठ, चौथा उशिरा. पुन्हा तीन, पुन्हा चौथा.

"दादा," तुन वळला नाही. "आईला दमा आहे. चौथ्या ठोक्याआधी ती श्वास घेते. कधी लहान, कधी मोठा. आज तिला एकदाही धाप लागली नाही."

हरेश्वरचा हात गळून पडला.

"कधी?" तुनने विचारलं.

"काल."

"आपण वाजवलं, ते तिने ऐकलं होतं?"

"ऐकलं रे बाबा," हरेश्वर म्हणाला. "म्हणून तर धावत आली ना टोकाला."

ते बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. आपल्याच पातेल्याने त्या माउलीला उघड्यावर बोलावलं होतं. तुनने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच हरेश्वरला सोसवेना. तुनने भाताचं पातेलं उचललं, कठड्यावर टेकवलं, आणि आजवर केवळ ऐकत आलेला तो अर्धबधिर लेक वाजवू लागला.

नगरी वाजवून वाजवून थकली. गच्च्या निवाल्या, गल्ल्या निवाल्या, पैलतीरही निवाला. तुनला ते कळलं नाही. विस्तीर्ण, निःशब्द, कृष्णवर्णी पाण्यावर तो एकटाच वाजवीत राहिला, आणि जहाजावर कुणाचा हात त्याला थांबवायला पुढे झाला नाही.

मग माडांखालच्या काळोखातून एक भांडं हळूच बोललं. त्याच्या शेजारचं दुसरं. मग तिसरं. सारा पैलतीर त्या पोरक्या ठोक्याच्या सोबतीला पुन्हा उठला. घरोघर, दारोदार, पाण्यावरून त्याच्याकडे येत राहिला. तुनला ऐकू आलं नाही.