खरं बोलणारी सून

“जिभेवर देवाचं नाव ठेवायचं असेल, तर तिच्यावर खोटं ठेवू नकोस,” आई सांगायची. मी तिची आज्ञाधारक लेक. अजूनही रोज जपाआधी मनाशी सत्याचा नेम घेते. तो मी घेते आणि दिवसभर सोसतात घरचे.

सासूबाईंना विस्मरणाचा आजार जडला आणि माझ्या या नेमाला बहर आला. संध्याकाळ झाली की त्या खिडकीशी जात. “आई आली का गं?”

मी हातातलं काम खाली ठेवून, अगदी हळू आवाजात सांगे, “त्या केव्हाच वारल्या, आई.” हळू बोलणं ही माझी खासियत. खिळा ठोकायचाच, पण हातोडीला फडकं गुंडाळून.

त्या रडत, जेवण टाकून देत. थोड्या वेळाने रडण्याचं कारण विसरत, रडणं मात्र उरे. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करी. पुढे पुढे त्या माझ्या हातचा घासही घेईनात. नणंदेने कारण विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती बाई नको. ती आली की कुणीतरी मरतं.”

“वहिनी, आई वाळत चाललीय,” नणंद म्हणाली. “असंच चाललं तर मी तिला माझ्याकडे नेणार.”

लग्न होऊन आले तेव्हापासून माझी सकाळ सासूबाईंच्या खोकल्याने उजाडत आलेली. त्या गेल्यावर घरात उरणार काय? मी आणि माझं सत्य.

नणंदेनेच मला वाचनालयातल्या सभेला ओढून नेलं. तिथे एक परिचारिका या आजाराबद्दल समजावून सांगत होती. घरी तुम्ही कसं वागता, असं तिने विचारताच मी उठले. “मी त्यांच्याशी कधीच खोटं बोलत नाही,” म्हटलं आणि कौतुकाची वाट पाहत तशीच उभी राहिले.

“म्हणजे आई गेली, हे रोज सांगता?”

“रोज.”

“ताई, त्यांच्यासाठी ती बातमी रोज नवी असते हो.”

“माझी आजी एकदाच मेली होती,” नणंद कुजबुजली. “बाकीच्या वेळा वहिनींनी मारली. तेही जप आटोपून.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले.

“मग काय, खोटं बोलू?”

“नका बोलू. पण बातमी कुणी मागितलीय? त्यांना आई हवीय. तिच्याबद्दल विचारा, आणि जवळ बसून ऐका.”

दुसऱ्या संध्याकाळी सासूबाई पुन्हा खिडकीशी. “आई आली का गं?”

ते नेहमीचं वाक्य जिभेच्या टोकाशी शिस्तीत येऊन उभं राहिलं. मी ओठ घट्ट मिटले. लांबून पाहणाऱ्याला तो संयमच वाटला असता.

“आठवण येतेय त्यांची?” अखेर मी विचारलं.

“येणारच. कारखाना सुटला की ती कोपऱ्यावर येते. मी दिसले नाही तर घाबरते.”

“काय काम करतात?”

“शर्टांना काजं. बोटांची नुसती चाळण झालीय.” सुई कुठे टोचते ते दाखवायला त्यांनी माझंच बोट हातात धरलं. किती दिवसांनी. “मला कोपऱ्यावर नेशील?”

कोपरा होता. रस्ता होता. यात खोटं काहीच नव्हतं.

“नेते. शब्द देते.”

“पण तू कोण गं?”

“तुमची सून.”

“तू बरी आहेस,” त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. “ती दुसरी फार वाईट आहे.”

“मी चांगली ओळखते तिला.”

“तिला काही सांगू नकोस हं.”

“नाही सांगणार.”

मी खाली बसून त्यांच्या चपलांचे पट्टे लावले. त्यांनी खुंटीवरून माझा स्वेटर ओढला. “आईला गार वाटेल.” मी तो घडी करून हातावर घेतला, शेगडी बंद केली, आणि त्यांना पुढे घालून आवाज न करता दार ओढून घेतलं.